कॅसेटवरची बुरशी आणि हरवत चाललेल्या भयकथा

जानेवारी २००६ मध्ये अमेरिकेतल्या शोटाइम वाहिनीवर 'मास्टर्स ऑफ हॉरर' या मालिकेचा पहिला हंगाम संपत आला होता. दर भागाला नवी गोष्ट आणि नवा दिग्दर्शक, तोही भयपटांत केस पिकलेला. जॉन कार्पेंटर, टोबी हूपर, दारियो अर्जेंटो, जो डान्टे अशी ती नावं. प्रत्येकाला साधारण तासाभराची जागा आणि चित्रीकरणाला जेमतेम दहा दिवस. तेरावा भाग जपानच्या ताकाशी मीइके यांचा होता, 'इम्प्रिंट'. वाहिनीनं तो पाहिला आणि दाखवायचाच नाही असं ठरवलं. त्याच वर्षी सप्टेंबरात तो डीव्हीडीवर आला. अमेरिकेतल्या प्रेक्षकाला तो भाग मिळाला तो वाहिनीकडून नव्हे, दुकानातल्या बारा सेंटिमीटरच्या चकतीतून.

तो भाग चांगला की वाईट, हा वाद वेगळा. इथं मुद्दा एवढाच की टीव्हीवरच्या कामाचं आयुष्य टीव्हीच्या हातात नसतं. ते कुणीतरी विकत घेतलेल्या चकतीत किंवा घरी उतरवून घेतलेल्या कॅसेटमध्ये असतं. म्हणून घरातली कॅसेट ही नुसती घरातली अडगळ नाही, ती सार्वजनिक ठेव आहे. आणि गोव्यासारख्या ठिकाणी, जिथं वर्षाला सरासरी तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो, ती ठेव सांभाळायची जबाबदारी सार्वजनिक ग्रंथालयांनी घ्यायला हवी. घरोघरी ते जमणार नाही, आणि का जमणार नाही हे टेपचं अंतरंग पाहिलं की कळतं.

त्याच मालिकेतला कार्पेंटर यांचा भाग 'सिगारेट बर्न्स' हरवलेल्या प्रिंटविषयीच आहे. एक श्रीमंत संग्राहक एका चित्रपटाची उरलेली एकमेव प्रिंट शोधायला माणूस नेमतो. नावातले 'बर्न्स' म्हणजे रीळ बदलायची वेळ झाली हे प्रोजेक्टर चालवणाऱ्याला कळावं म्हणून पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात वर क्षणभर चमकणारे ठिपके. डिजिटल प्रक्षेपण आल्यावर ते ठिपके गेले, प्रोजेक्टरवाल्याचं कामही गेलं. २००६ मध्ये आलेल्या या भागाच्या डीव्हीडीवर दिग्दर्शकाचं समालोचन आहे, पटकथाकारांचं वेगळं समालोचन आहे, संगणकावर उघडता येणारी पटकथाही आहे. ऑनलाइन सेवेवर हाच भाग लागला तर बहुतेक वेळा भाग तेवढा दिसतो, बाकीचं सगळं गळून जातं. चित्रपट शिकणाऱ्या विद्यार्थ्याला दहा दिवसांत तासाभराचं काम कसं उभं केलं हे त्या समालोचनातच कळतं.

चकती आलीच नाही तर काय होतं, याचे दाखले ब्रिटनमध्ये आहेत. नायजेल नील यांनी लिहिलेलं 'द रोड' हे भयनाट्य बीबीसीनं १९६३ साली दाखवलं. आज त्याचं चित्रण उपलब्ध नाही. 'लेट नाइट हॉरर' ही १९६८ची भयकथांची मालिका, तिचा एकच भाग उरला आहे. कारण साधं होतं. दोन इंची टेप महाग होती, म्हणून जुनं पुसून त्यावर नवं घ्यायचं. आपल्याकडे दूरदर्शनच्या काळातही टेप अशाच फिरवल्या जायच्या. कुणी दुष्टपणे काही नष्ट केलं नाही. कपाट भरलं होतं आणि टेप पुन्हा वापरता येत होती, एवढंच.

१९९३ साली रामसे बंधूंचा 'झी हॉरर शो' सुरू झाला. एका गोष्टीचे अनेक भाग, आठवड्याला एक. गोव्यातल्या मराठी घरांत तेव्हा केबल नुकती पोचत होती, आणि ज्यांच्याकडे आखातातून किंवा बोटीवरून कुणी आणलेला व्हीसीआर होता ते असे कार्यक्रम उतरवून ठेवायचे. त्या कॅसेटींची मांडणी नीट पाहण्यासारखी असते. सुरुवातीला दोन तास घरातलं लग्न किंवा गावच्या जत्रेतलं नाटक, मग काळा पडदा, मग मध्येच सुरू होणारा भयकथेचा भाग, जाहिरातींसकट, आणि शेवटी कुणीतरी घाईत थांबवलेला बातम्यांचा तुकडा. निर्मात्यानं नंतर तोच भाग स्वच्छ करून कुठे चढवला तरी त्या जाहिराती, ती वेळ, मधली सूचना, निवेदिकेचा आवाज हे त्यात नसतं. त्या काळातली संध्याकाळ कशी दिसत होती याचा पुरावा फक्त त्या कॅसेटमध्ये असतो. आणि जत्रेतल्या नाटकाची तर दुसरी प्रत जगात कुठेच नसते. म्हणून अशी कॅसेट उतरवताना 'आपल्याला हवा तेवढाच तुकडा' कापून घेणं ही मोठी चूक आहे. पहिल्या फ्रेमपासून शेवटच्या फ्रेमपर्यंत सगळं घ्यायचं, कोरा भागसुद्धा.

आता टेपचं अंतरंग. व्हीएचएसची, म्हणजे घरगुती व्हिडिओ कॅसेटची, फीत अर्धा इंच रुंद असते. १८० मिनिटांच्या कॅसेटमध्ये अडीचशे मीटरहून थोडी जास्त फीत गुंडाळलेली असते. खाली पॉलिएस्टरची पट्टी, वर चुंबकीय कण, आणि त्या कणांना पट्टीशी धरून ठेवणारा बंधक. चित्र कणांत असतं, पण कणांचं आयुष्य बंधकावर अवलंबून असतं. हा बंधक पॉलियुरेथेनचा असतो आणि तो हवेतलं पाणी शोषतो. पाण्यानं त्याच्या साखळ्या तुटतात, फीत चिकट होते, यंत्रातून जाताना किंचाळते आणि मागे तपकिरी भुकटी सोडते. स्टुडिओतल्या जुन्या यू-मॅटिक टेपला हा रोग जास्त, घरगुती व्हीएचएसला कमी. व्हीएचएसचा गोव्यातला खरा शत्रू बुरशी.

हवेतली सापेक्ष आर्द्रता ६५ टक्क्यांच्या वर राहिली की बुरशीला फावतं. आपल्याकडे जुलै-ऑगस्टमध्ये ती ८५-९० टक्क्यांना सहज भिडते, आणि तीही दिवसेंदिवस. टेपसाठी चांगली म्हणतात ती साठवण १८ ते २० अंश तापमान आणि ३० ते ४० टक्के आर्द्रता. म्हणजे मृगापासून चवथीपर्यंतचा काळ टेपच्या दृष्टीनं सरळ सरळ आजारपणाचा. त्यात बहुतेक घरांत कॅसेट शोकेसच्या खालच्या खणात असतात, चिऱ्याच्या ओल धरणाऱ्या भिंतीला टेकून. वातानुकूलित खोलीत ठेवल्या म्हणजे झालं, हाही गैरसमज. रात्री यंत्र चालू, सकाळी बंद, खिडक्या उघड्या: थंड झालेल्या फितीवर बाहेरची दमट हवा येते आणि तिथंच दव बसतं. रोज होणारा हा चढउतार सतत दमट राहण्यापेक्षा बरा नाही.

कॅसेट उजेडात धरून तिच्या पारदर्शक खिडकीतून गुंडाळीकडे पाहायचं. निरोगी गुंडाळी काळी, गुळगुळीत आणि किंचित चमकणारी दिसते, जणू एकच घन तबकडी. बुरशी लागली असेल तर त्या काळ्यावर पांढरट-राखाडी ठिपके दिसतात, कधी कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे, कधी पिठाची चिमूट टाकल्यासारखा पट्टा. ती नेहमी कडेला सुरू होते, कारण हवा कडेला लागते. आणि व्हीएचएसमध्ये कडेला काय असतं? वरच्या कडेला साधा ध्वनिमार्ग, खालच्या कडेला नियंत्रणमार्ग, ज्याच्या ठोक्यांवर यंत्र फितीचा वेग सांभाळतं. म्हणून बुरशीनं आधी आवाज जातो, मग चित्र उड्या मारायला लागतं. पाहणारा म्हणतो, व्हीसीआर बिघडला.

अशी कॅसेट यंत्रात घालायचीच नाही. ही एक गोष्ट पाळली गेली नाही म्हणून कित्येक संग्रह गेले आहेत. बुरशीचे कण चित्र वाचणाऱ्या डोक्यांवर बसतात, पुढच्या कॅसेटला लागतात, आणि आठवडाभरात सगळा खण आजारी पडतो. ही डोकी ज्यावर बसवलेली असतात ते फिरतं पिंप 'पाल' या आपल्याकडच्या टीव्ही पद्धतीत मिनिटाला १५०० फेरे घेतं. त्या वेगात एक चिकट कण फीत ओरबाडू शकतो, आणि ओरबाडलेली फीत कोणत्याही उपायानं परत येत नाही.

कॅसेट उन्हात वाळवायची नाही. पापड वाळवतो तसं कॅसेटचं होत नाही. उन्हानं कवच वाकतं, फीत एका बाजूनं ताणली जाते, आणि पुढे चित्राचा वरचा भाग झेंड्यासारखा हलताना दिसतो. बुरशीला मारायला ऊन पुरेसंही नसतं, ती फक्त झोपते. योग्य पद्धत अशी: झाकण घट्ट बसणाऱ्या डब्यात कॅसेट सिलिका जेलसोबत काही दिवस ठेवायची, म्हणजे बुरशी कोरडी होऊन पुसता येईल अशी होते. सिलिका जेल नारिंगी रंगाचं घ्यावं. ओल शोषली की ते हिरवं पडतं, मंद आचेवर तापवून पुन्हा वापरता येतं. निळ्या जेलमध्ये कोबाल्ट क्लोराईड असतं, ते घरात नको. मग तोंडाला एन-९५ मास्क, हातात हातमोजे, आणि उघड्या हवेत किंवा खेचून बाहेर टाकणाऱ्या पंख्याजवळ कवचाचे पाच स्क्रू काढायचे. वरचं कवच उचलताना झाकणाची छोटी स्प्रिंग उडते, तिच्यावर बोट ठेवायचं. दोन्ही चक्रं काढून तशाच प्रकारच्या स्वच्छ रिकाम्या कवचात बसवायची. कवच हे फक्त घर, फीत महत्त्वाची. फितीच्या कडा कोरड्या, धागे न सुटणाऱ्या कापडानं पुसायच्या. त्यानं नाही गेलं तर ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल, तेही कापडावर, फितीवर ओतायचं नाही. ७० टक्केवालं चालत नाही, त्यात ३० टक्के पाणी असतं. सफाईला एक वेगळा व्हीसीआर राखून ठेवायचा, ज्याची डोकी काढलेली असतील आणि जो फक्त फीत पुढे-मागे करील. चांगल्या यंत्राला या कामाला हात लावायचा नाही.

यंत्राचंही असंच आहे. व्हीएचएस यंत्र बनवणारी शेवटची मोठी कंपनी फुनाई, तिनं २०१६ च्या जुलैत उत्पादन थांबवलं. म्हणजे आज मिळतं ते सगळं जुनं. वर्षानुवर्षं बंद पडलेल्या व्हीसीआरमध्ये रबराचे पट्टे सैल किंवा चिकट झालेले असतात, दाब देणारा रोलर कडक झालेला असतो, आतलं ग्रीस वाळून खडूसारखं झालेलं असतं. असं यंत्र कॅसेट गिळतं आणि सोडत नाही. आधी बिनमहत्त्वाची कॅसेट घालून तपासायचं. डोकी पुसताना कापूस लावलेली काडी अजिबात वापरायची नाही, तिचा धागा डोक्याच्या टोकात अडकतो आणि टोक तुटतं. अल्कोहोलनं ओलं केलेलं शॅमॉय चामडं पिंपाला स्थिर टेकवायचं आणि पिंप हातानं आडवं फिरवायचं. वरखाली घासलं की डोकं गेलंच. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर असे सुटे भाग हुडकणारे अजून सापडतात, पण किती दिवस सापडतील याचा भरवसा धरून धोरण आखता येत नाही.

उतरवून घेणं ही पुढची पायरी, आणि इथं बाजारातल्या दुकानांत सगळ्यात जास्त नुकसान होतं. स्वस्त यूएसबी पट्टीत कॅसेटचं चित्र सरळ घातलं की फ्रेम गळतात, कारण जुन्या टेपमधल्या ओळींचा ताल सारखा नसतो. तासाभरानं ओठ आणि आवाज वेगळे चालतात. हा ताल दुरुस्त करायला टाइम बेस करेक्टर लागतो, व्हीसीआरमध्येच असलेला किंवा बाहेरून जोडलेला. मग ७२० बाय ५७६, सेकंदाला २५ फ्रेम, ओळी जशा एकाआड एक येतात तशाच ठेवून, रंगाचं ४:२:२ प्रमाण, आणि काहीही न गमावणारी एफएफव्ही-१ किंवा हफ-वाययूव्ही पद्धत. तासाला साधारण २५ ते ३५ जीबी जागा लागते. तीन तासांची कॅसेट म्हणजे शंभर जीबीच्या आसपास, चार टीबीच्या डिस्कवर चाळीसेक कॅसेट. हे ऐकून लोक दचकतात आणि थेट एमपी-४ करून घेतात. एमपी-४ ही पाहायची प्रत, ती मूळ प्रतीवरून हवी तेव्हा काढता येते. उलटं करता येत नाही.

भयकथेच्या बाबतीत हे जास्तच लागू होतं, आणि ते का हे एका दृश्यात दिसतं. अंधारी खोली, खिडकीतून येणारा थोडा उजेड, आणि मागच्या कोपऱ्यात कुणीतरी उभं आहे. दिग्दर्शकाला ते चटकन दिसायला नको आहे, पण पाहणाऱ्याला तिथं काहीतरी आहे असं वाटायला हवं आहे. डिजिटल व्हिडिओत उजळपणा शून्य ते २५५ अशा आकड्यांत मोजतात, त्यात काळा १६ वर असतो आणि पांढरा २३५ वर. त्या आकृतीचं सगळं अस्तित्व १८ ते ३५ च्या पट्ट्यात असतं. एकदा शून्य ते २५५ असं ताणलेलं चित्र संगणकानं चुकून १६ ते २३५ चंच धरून पुन्हा ताणलं की खालचा तो पट्टा जवळजवळ सपाट काळा होतो आणि कोपऱ्यातला माणूस नाहीसा होतो. दुसरीकडे, व्हीएचएसच्या अंधारात कायम मुंग्या असतात. आकुंचन करणारा संगणक त्या मुंग्यांना फालतू माहिती समजतो आणि पुसून टाकतो, त्यांच्यासोबत ती आकृतीही. तिच्या जागी चौकोनी ठोकळे दिसतात. दुकानदार म्हणतो, टेपच खराब होती. टेप खराब नव्हती. आणि जिथं चित्र 'सुधारायला' उजळपणा वाढवतात तिथं उलटा घात होतो, कोपऱ्यातला माणूस पहिल्याच सेकंदाला दिसतो आणि गोष्टच मरते.

आवाजाचंही तेच. भयकथेत शांतता हा अर्धा मजकूर असतो. आवाजाची पातळी आपोआप सांभाळणारं सेटिंग चालू राहिलं तर प्रत्येक शांत जागेत टेपचा खरखराट फुगून वर येतो. म्हणून ते बंद ठेवायचं, आणि हाय-फाय मार्ग व साधा मार्ग दोन्ही वेगळे घ्यायचे. हाय-फाय मार्ग चित्राच्या खालच्या थरात असतो, तो जास्त स्वच्छ. पण ट्रॅकिंग, म्हणजे डोक्यांची फितीवरची जुळणी, जरा हललं की तो गुणगुणतो, आणि तेव्हा साधा मार्गच कामी येतो.

चकत्यांची काळजी वेगळ्या तऱ्हेची. बाहेरून आणलेल्या डीव्हीडीवर प्रदेश-क्रमांक असतो. भारताचा ५, अमेरिकेचा १. नेहमीच्या प्लेयरवर अमेरिकेची चकती चालत नाही आणि लोक ती खराब समजून टाकतात. अमेरिकेची चकती ४८० ओळींची, युरोपातली ५७६ ओळींची. चित्रपटाच्या २४ फ्रेमच्या गतीचं काम युरोपीय चकतीवर २५ फ्रेमनं चालवतात, म्हणजे चार टक्के जलद. साठ मिनिटांचा भाग सुमारे साडेसत्तावन्न मिनिटांत संपतो आणि आवाज किंचित चढा लागतो. कोणती प्रत ठेवायची हे ठरवताना या गोष्टी नोंदवायला हव्यात. मोझर बेअरनं २००७ च्या सुमारास स्वस्त व्हीसीडी-डीव्हीडी बाजारात ओतल्या तेव्हा घराघरांत चकत्या आल्या, आज ती कंपनी नाही. व्हीसीडीचं चित्र ३५२ बाय २८८, अंधारात तर ठोकळेच ठोकळे. तरी एखाद्या मालिकेचा तोच एक नमुना उरला असेल तर तोही ठेवावा लागतो. घरी जाळलेल्या डीव्हीडी-आर सगळ्यात कच्च्या. त्यांच्यातला रंग उजेडानं उडतो, आणि वर चिकटवलेला कागदी बिल्ला ओल धरून चकतीचे दोन थर वेगळे करतो. त्यांना आधी हात लावायचा, आणि आयएसओ प्रतिमा, म्हणजे चकतीची जशीच्या तशी एक फाइल, घ्यायची, 'रूपांतर' नाही.

आता कायदा, कारण ग्रंथालयाचे अधिकारी पहिला प्रश्न हाच विचारतील. पुस्तकं आणि वृत्तपत्रं प्रकाशकानं ठरावीक ग्रंथालयांना द्यावीत असा कायदा आपल्याकडे १९५४ सालचा आहे. त्यात टीव्ही कार्यक्रम नाहीत, कॅसेट नाहीत, चकत्या नाहीत. पुण्याचं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ पासून चित्रपट सांभाळत आलं, टीव्ही हे त्याचं मूळ काम नव्हे. म्हणजे टीव्हीवरची भयकथा हा कायदा आणि ही संस्था यांच्या फटीत पडते. पण प्रताधिकार कायद्यात २०१२ साली आलेली दुरुस्ती वाट दाखवते. कलम ५२(१)(एन) प्रमाणे बिगरव्यापारी सार्वजनिक ग्रंथालयाकडे एखाद्या कृतीची बिगरडिजिटल प्रत आधीच असेल तर जतनासाठी ती इलेक्ट्रॉनिक माध्यमात साठवता येते. व्हीएचएस ही बिगरडिजिटल प्रत आहे. म्हणून कॅसेट ग्रंथालयाच्या नावे दाखल करून घेतली की, आमच्या समजुतीप्रमाणे, उतरवून घ्यायला कायद्याची आडकाठी राहत नाही. डीव्हीडी मात्र आधीच डिजिटल, तिला ही सवलत जशीच्या तशी मिळत नाही. आमच्या मते हीच गोष्ट अग्रक्रम ठरवायला पुरेशी आहे: आधी कॅसेट, कारण त्या लवकर मरतात आणि कायदाही त्यांच्या बाजूला आहे. डीव्हीडी मूळ रूपात सांभाळायच्या. ही सवलत जतनासाठी आहे, सभागृहात दाखवायला किंवा इंटरनेटवर चढवायला नाही, हे फलकावर स्पष्ट लिहायला हवं. चित्रपटाचा प्रताधिकार प्रसिद्धीनंतर ६० वर्षं चालतो. १९९३ चा कार्यक्रम २०५४ मध्ये मोकळा होईल. तोपर्यंत फीत टिकणार नाही, म्हणून तर आता उतरवायची.

'सगळं यूट्यूबवर आहेच' हे उत्तर नेहमी येतं. जे आहे ते कुणाच्या तरी कॅसेटवरूनच चढलेलं असतं, बहुतेकदा वरच्या सगळ्या चुका करून, आणि तक्रार आली की एका दिवसात जातं. 'भुताखेतांच्या कार्यक्रमांवर जनतेचा पैसा कशाला' असंही विचारलं जाईल. गावाच्या वेशीवरचा देवचार, रात्री काठी आपटत फिरणारा राखणदार, या गोष्टी गोव्यात अजून सांगितल्या जातात आणि अभ्यासकही त्या गोळा करतात. त्याच भीतीला टीव्हीनं काय रूप दिलं, शहरातल्या फ्लॅटमध्ये आणून काय बदललं, हे अभ्यासायला साधन लागतं. लोककथा लिहून ठेवली तर संस्कृती आणि तिचं दृश्य रूप ठेवलं तर उधळपट्टी, हा भेद आम्हाला पटत नाही. शिवाय आधी सांगितलं तसं, भयकथेच्या त्याच फितीवर जत्रेतलं नाटक असतं. एक वाचवायचं आणि दुसरं नाही, असं करताच येत नाही.

२००४ पासून गोवा, बहुतेक वर्षी नोव्हेंबरात, भारताच्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवाचं यजमानपद भूषवतो. देशातल्या जुन्या चित्रपटांच्या दुरुस्त केलेल्या प्रती इथं दाखवल्या जातात, लोक रांगा लावतात. त्या राज्याला फितीची कदर शिकवायची गरज नाही. पाटो, पणजी इथल्या कृष्णदास शामा राज्य मध्यवर्ती ग्रंथालयाला एक छोटं दालन पुरेल: आर्द्रता चोवीस तास ४० टक्क्यांच्या आत ठेवणारी एक खोली, ताल दुरुस्त करणारे दोन व्हीसीआर, सफाईचा एक वेगळा, हँडीकॅमच्या मिनी डीव्ही कॅसेटसाठी फायरवायर ही जोडणी असलेला एक जुना संगणक, आणि हे काम शिकलेली दोन माणसं. तीन तासांची कॅसेट उतरायला तीन तास लागतात, सफाई आणि तपासणी धरून साडेचार. एका यंत्रावर दिवसाला दीड कॅसेट धरली तरी अडीचशे कामाच्या दिवसांत पावणेचारशे, दोन यंत्रांवर साडेसातशे. बारा तालुक्यांच्या ग्रंथालयांनी फक्त स्वीकारण्याचं काम करायचं: कॅसेट घ्यायची, पावती द्यायची, वर काय लिहिलं आहे ते जसंच्या तसं उतरवायचं, घरच्या कार्यक्रमाबाबत कुटुंबाची अट नोंदवायची, बुरशीवाल्या वेगळ्या पिशवीत बंद करायच्या. लग्नाचा भाग कुणी पाहू नये असं घरच्यांना वाटत असेल तर तो कुलपात राहील, नष्ट होणार नाही. दाता मागेल तर त्याच्या घरच्या चित्रणाची पाहायची प्रत त्याला मोफत द्यायची, एवढं केलं तर लोक कपाटं उघडतील.

प्रती तीन हव्यात, दोन वेगळ्या प्रकारच्या माध्यमांवर, आणि एक किनाऱ्यापासून दूर. पणजीतली आणि मडगावातली प्रत म्हणजे दोन ठिकाणं नव्हेत, दोघींना तोच पाऊस, तीच खारी हवा आणि बऱ्याचदा तोच वीजपुरवठा. तिसरी घाटापलीकडे असावी. प्रत्येक फाइलसोबत तिचा एसएचए-२५६ आकडा ठेवायचा आणि वर्षातून एकदा तो पुन्हा काढून ताडायचा. एक अक्षर बदललं तरी आकडा बदलतो, म्हणजे डिस्क सडायला लागली हे चित्रात डोळ्यांना दिसण्याआधी कळतं. हे काम दरवर्षी कुणीतरी करायला हवं, आणि म्हणूनच ते एखाद्या हौशी माणसाच्या कपाटावर सोडता येत नाही. तो माणूस गेला की ते काम थांबतं.

हे दालन उभं राहीपर्यंत, चवथीच्या साफसफाईत कॅसेट हाती आली तर ती फेकू नये. मागची चौकोनी टिकली मोडून टाकावी, म्हणजे तिच्यावर चुकून काही घेतलं जाणार नाही. बुरशी नसेल तर एकदा पुढे आणि एकदा मागे पूर्ण गुंडाळून ठेवावी. पुस्तकासारखी उभी ठेवावी, भरलेलं चक्र खालच्या बाजूला, भिंतीपासून चार बोटं दूर, जमिनीपासून हातभर वर. झाकणाच्या डब्यात, सिलिका जेलसोबत. टीव्ही, स्पीकर, इन्व्हर्टर यांच्याजवळ नको. बिल्ल्यावर पेन्सिलीनं वर्ष, वाहिनी आणि आठवत असेल तर वार लिहावा. जुनं लिहिलेलं खोडू नये, चुकीचं असलं तरी.